हुकमाशिवाय दात नाही: उस्ताद दाऊदमियाँ

उस्ताद दाऊदमियाँ यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या पुस्तकासाठी मी लिहावे असे मंडळींनी ठरवले, तेव्हा पहिली अडचण खुद्द उस्तादांनीच घातली. "साठ कोणी मोजले?" त्यांनी विचारले. टोळधाड आली त्या साली, हुरड्याच्या दिवसांत आपण जन्मलो, एवढेच त्यांच्या आईने त्यांना सांगितले होते. टोळधाड काय, एकदाच थोडी येते! त्यामुळे आपण साठावे वर्ष साजरे करतो आहोत की त्रेसष्टावे, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. "कमी धरा, चाची खूश होईल," असे म्हणून उस्तादांनी परवानगी दिली. चाची म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या पडद्याआडून जे बोलल्या ते छापण्यासारखे नाही, पण त्यात आनंद होता.

उस्तादांची आणि माझी पहिली भेट व्हायच्या आधी माझी भेट त्यांच्या कुत्र्याशी झाली. निफाडकडच्या माझ्या मळ्यात तेव्हा नुकतीच द्राक्षे धरू लागली होती आणि चोरांनाही त्यांची चव कळू लागली होती. राखणीचा चांगला कुत्रा नाशकात मिळेल, असे कोणी सांगितले म्हणून जुन्या नाशकातले त्यांचे घर शोधत गेलो. दार सताड उघडे, आणि उंबऱ्यावर एक मोकळा, तांबूस, गावठी कुत्रा. मी पाऊल उचलले, तो उठला. मी डावीकडे सरकलो, तो डावीकडे आला. मी उजवीकडे, तोही उजवीकडे. भुंकला नाही, दात दाखवले नाहीत, नुसता आडवा उभा राहिला. मी स्वभावाने तापट. पाव तास रस्त्यावर उभा राहून मी त्या कुत्र्याला आणि त्याच्या मालकाला मनातल्या मनात बरेच काही ऐकवले. मग डोक्यावरची टोपी सारखी करत उस्ताद बाहेर आले, "बस" म्हणाले, आणि कुत्रा बसला.

"माफ करा, नमाज चालू होती," ते म्हणाले.

"आणि मी खरा चोर असतो तर?"

"तर एवढा वेळ उभे राहिला असता का?"

या उत्तरावर मी हसलो, आणि त्याच बैठकीत त्यांच्याकडून कुत्रा घ्यायचे पक्के केले.

उस्तादांचे घराणे मालेगावचे, विणकरांचे. मागावर बसायचे सोडून ते तरुणपणी पलटणीत गेले. तिथे साहेबांच्या कुत्र्यांची निगा राखता राखता हे काम शिकले आणि महायुद्धात ते कुत्रे घेऊन समुद्रापलीकडेही गेले. त्या दिवसांबद्दल ते फारसे बोलत नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी मला सांगितली आहे. छावणीतला एक भिस्ती थंडीने काकडत होता, म्हणून कोणीतरी त्याला मेलेल्या शिपायाचा कोट दिला. तो परक्या वासाचा कोट घालून, मशक भरून तो परत येत असताना पहाऱ्याच्या कुत्र्याने त्याला फाडले. रोज त्याच कुत्र्याला पाणी पाजणारा माणूस! "कुत्र्याचा कसूर नव्हता अण्णा," उस्ताद म्हणाले. "त्याला सांगितलं होतं, तुझं तू ठरव. त्यानं ठरवलं." अण्णा म्हणजे मी, गावात मला याच नावाने ओळखतात.

तेव्हापासून त्यांचा एक नियम झाला आणि तो त्यांनी कोणासाठी वाकवला नाही. कुत्र्याने आपल्या मनाने भुंकावे, वाट अडवावी, कोणाला ओढून बाहेर काढावे. या कामांना हुकूम लागत नाही. दात मात्र हुकमाशिवाय लावायचा नाही, आणि "सोड" म्हटले की त्याच क्षणी सोडायचे. लासलगावच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याला हे पटेना. कांदा साठवायच्या चाळीत पाय टाकील त्याला फाडणारा कुत्रा त्याला हवा होता. मी त्या दिवशी उस्तादांबरोबर होतो.

"तुमचा कुत्रा मला विचारत बसणार, धरू का म्हणून. तवर चोर पळून जाईल की!" व्यापारी म्हणाला.

"विचारू दे ना शेठ. जवाब द्यायला तुम्हाला काय हरकत?"

"मी काय चोवीस तास कुत्र्यापाशी बसू?"

"मग कुलूप घ्या. कुलूप कोणाला चावत नाय," असे म्हणून उस्ताद उठले. आम्ही आलो त्याच गाडीने परत निघालो. वाटेत मी त्यांना वेड्यात काढले. त्यांनी बरोबरचे फुटाणे काढून माझ्यापुढे धरले आणि विषय बदलला.

माझ्या मळ्यासाठी त्यांनी जो कुत्रा तयार केला त्याचे नाव सरदार. दिसायला काही सरदारासारखा नव्हता, एक कान मोडका होता. पण आला त्याच महिन्यात त्याने माझ्या पत्नीचा जीव वाचवला. ती पाटावर पाण्याला निघाली होती आणि सरदार तिला पुढे जाऊ देईना. "अहो, ह्या मुडद्याला आवरा, मला पाण्याला जाऊ देत नाय!" असे ती ओरडली म्हणून मी धावलो, तर पाटाच्या कडेला गवतात नाग. कोणी हुकूम दिला नव्हता. त्या दिवसापासून मी सरदारला कुत्रा समजेनासा झालो. त्याला सगळे कळते, असे मी येईल त्याला सांगू लागलो. माझ्या पुढच्या मूर्खपणाचे मूळ या कौतुकात आहे.

पुढे द्राक्षे उतरायच्या आधी आठ दिवस, भर दुपारी तिघे मळ्यात शिरले. मी एकटाच होतो. एकाने माझी मानगूट धरून मला खोपीच्या भिंतीला दाबले. माझा आवाज फुटेना. सरदार माझ्यापासून दोन हातांवर भुंकत होता, उड्या मारत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला हवा असलेला एक शब्द माझ्या घशातून निघत नव्हता. भुंकणे ऐकून शेजारची माणसे आली म्हणून ते तिघे पळाले. मला फार लागले नव्हते, पण गावाला विषय मिळाला. "अण्णाचा कुत्रा लय शिकलेला हाय, अर्ज केल्याबिगर चावत नाय!" पारावरून मी गेलो की हे ठरलेले.

रागाने पेटून मी नाशकाला गेलो. "तो माझा गळा दाबत होता. हुकूम काय पायाने देऊ?" असे उस्तादांना त्यांच्याच ओट्यावर, चार माणसांत विचारले. दुसऱ्या कोणत्याही उस्तादाने आपली बाजू लढवली असती. हे म्हणाले, "कसूर माझा. आवाज बंद झाला तर काय, हे मी शिकवायला पाहिजे होतं." आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे घेऊन ते माझ्या मळ्यावर हजर. चार दिवस राहून त्यांनी सरदारला, आणि मलाही, हाताच्या खुणा शिकवल्या. मांडीवर दोनदा थाप म्हणजे धर. तळहात खाली म्हणजे बस. गळा धरला तरी मांडी मोकळी असतेच.

इथे मी थांबायला हवे होते. पण पारावरचे हसणे माझ्या मनात सलत होते. उस्तादांची पाठ वळताच मी आमच्या सालदाराला हाताशी धरले. त्याने हाताला गोणपाट गुंडाळायचे, माझी गचांडी धरायची, मी "मेलो, वाचवा" म्हणून ओरडायचे, आणि सरदारने तो गोणपाटाचा हात धरला की त्याला मटण. हुकूम नाही, खूण नाही. महिनाभरात सरदार तयार झाला. मला वाटले, उस्तादांच्या विद्येत जी उणीव होती ती आपण भरून काढली. ही गोष्ट मी, सालदार आणि सरदार अशा तिघांतच राहिली.

खळी उरकली की आमच्याकडे गंगाराम बहुरूपी येतो. त्याची वडिलोपार्जित फेरी आहे. फौजदाराचे सोंग घ्यावे, घरात घुसून यजमानावर वॉरंट काढावे, त्याची कॉलर धरून त्याला चावडीकडे ओढावे. यजमानानेही गयावया करावी, बोंब ठोकावी. जितका मोठा माणूस तितकी मोठी बोंब, तितका गावाला आनंद, आणि शेवटी गंगारामच्या झोळीत सूपभर धान्य. जो यजमान नुसता हसत उभा राहतो त्याला लोक कंजूष समजतात. मी कंजूष नव्हतो. त्या सकाळी गंगाराम खाकी डगला घालून आला, वीसेक माणसे मागे होती. "दारूची भट्टी लावता काय? चला, सरकारचा हुकूम आहे!" म्हणत त्याने माझी कॉलर धरली. आणि मी, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, जीव तोडून ओरडलो, "मेलो, मेलो! वाचवा!"

लोक हसत होते. सरदार कुठून आला ते मी पाहिलेच नाही. गंगारामचा उजवा हात कोपराखाली त्याच्या जबड्यात होता.

मी "सोड" म्हणालो तो आवाज मलाही ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा सरदारने सोडले. धरायला त्याला मी शिकवले होते, सोडायला उस्तादांनी. त्यामुळे गंगाराम आज जिवंत आहे.

उस्तादांना निरोप गेला. ते त्याच दिवशी आले, आधी गंगारामपाशी बसले, मग बांधलेल्या सरदारकडे गेले. मला जवळ बोलावून त्यांनी माझ्या कॉलरला हात घातला. सरदार साखळीनिशी उसळला तो थेट त्यांच्या उजव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. जिथे गोणपाट गुंडाळलेले असे, तिथेच. उस्तादांनी हात काढून घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला कळले की त्यांना कळले आहे.

"त्याला चोर कळतो अण्णा," एवढेच ते म्हणाले. "खेळ नाय कळत."

दुसऱ्या दिवशी निफाडच्या कचेरीत मामलेदारांपुढे उभे राहायचे होते. खऱ्या फौजदारांचे म्हणणे सरळ होते. मालकाने कुत्रा अंगावर घालायला शिकवला असेल तर मालकावर खटला आणि कुत्र्याला गोळी. माझी पत्नी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. घरातून निघताना ती उंबऱ्यात चौकट धरून उभी होती, ते उस्तादांनी पाहिले होते.

मामलेदारांनी विचारले, "हे जनावर हुकमाशिवाय कसे गेले?"

उस्ताद पुढे झाले. "साहेब, शिकवला मी. कच्चा राहिला तो माझ्या हातून. मालकाचा कसूर नाही. कुत्रा मी परत नेतो, माझ्या जबाबदारीवर."

"आणि तुम्ही शिकवलेले बाकीचे कुत्रे? तेही असेच?"

"त्यांच्या मालकांना वाटलं तर त्यांनी जरूर परत आणावेत," उस्ताद म्हणाले.

मी तीन हातांवर बाकाशी उभा होतो. मी तोंड उघडले होते, हे शपथेवर सांगतो. उस्तादांनी माझ्याकडे न बघता मांडीजवळचा तळहात किंचित खाली केला. आणि मी बसलो.

त्यानंतर जे झाले ते आपल्यापैकी पुष्कळांना अर्धवट माहीत आहे. उस्तादांचा कुत्रा उलटला, ही बातमी बाजाराबाजारांतून फिरली. ज्यांनी कुत्रे नेले होते त्यांतल्या बहुतेकांनी ते आणून दारात बांधले. एका मोठ्या बागाईतदाराकडचे ठरलेले काम हातचे गेले. गंगारामला उस्तादांनी नाशकाच्या दवाखान्यात नेले आणि तो बरा होईपर्यंत आपल्या घरी ठेवले. गंगारामच्या बायकोला सोवळे सांभाळता यावे म्हणून चाचींनी परसात तिच्यासाठी वेगळी चूल मांडून दिली. दीड महिन्यात ती चूल पेटेनाशी झाली. दोघी एकाच चुलीवर भाकऱ्या थापू लागल्या, आणि का म्हणून कोणी विचारले नाही. पुढे नाशकात कामच उरले नाही तेव्हा उस्ताद मालेगावी भावाकडे गेले आणि ज्या मागावरून तरुणपणी उठले होते त्याच मागावर पन्नाशी उलटल्यावर पुन्हा बसले. दोन वर्षे. सरदार मागाखाली झोपत असे. मी शिकवलेले विसरायला त्याला आठ महिने लागले, असे उस्तादांनी मला फार दिवसांनी सांगितले. विसरल्यावर त्याने मरेपर्यंत कोणाला दात लावला नाही.

हळूहळू लोक परत आले. पहिला कोण आला ठाऊक आहे? लासलगावचा तोच व्यापारी. त्याने कुठून तरी आपल्या मनाने चावणारा कुत्रा आणला होता आणि त्या कुत्र्याने त्याच्याच मुनिमाला धरले होते. उस्तादांनी "सांगितलं होतं ना" म्हटले नाही. "मुनीम बरा आहे ना?" असे विचारले. आज निफाड, लासलगाव, मालेगावपर्यंत त्यांच्या हाताखालून गेलेले कुत्रे आहेत आणि ते शिकवणारे त्यांचे शागीर्दही आहेत. पण अजून एखाद्या लग्नात, एखाद्या बाजारात कोणी म्हणतेच, "माणूस भला, पण त्यांचा कुत्रा एकदा उलटला होता हो."

उलटला नव्हता. मी उलटवला होता. हे वाक्य लिहायला मला सात वर्षे लागली.

या सात वर्षांत त्यांनी माझ्यासाठी काय केले ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. माझा मुलगा जन्मला तेव्हा चाचींच्या हातचे दुपटे घेऊन ते नाशकाहून आले. माझ्या वडिलांच्या आजारपणात तीन आठवडे आमच्या पडवीत राहिले. मी एकदा धीर करून विचारले, तुम्ही त्या दिवशी मला का थांबवलेत? ते म्हणाले, "घरात बाई अवघडलेली होती. तुम्हाला आत घातलं असतं तर त्या पोराचं काय? माझं काय, मला माग येत होता." आणि लगेच सरदारच्या मोडक्या कानाबद्दल बोलू लागले. गंगारामला मी स्वतः सगळे सांगितले. त्याची दोन बोटे अजून सरळ होत नाहीत. तो म्हणाला, "फौजदार गेला अण्णा, पण म्हातारीचं सोंग आता बेस जमतं. हात आपसूक थरथरतो." त्याच्या या हसण्याने मला जेवढे रडवले तेवढे कशाने रडवले नाही.

राखणीच्या कुत्र्याने हुकमाशिवाय चालून जावे का, यावर अजून आपल्या मंडळीत वाद होतात. गळा दाबला गेल्यावर काय, मालक बेशुद्ध पडला तर काय, हे प्रश्न खोटे नाहीत. मी ते स्वतः भोगले आहेत, आणि उस्तादही ते उडवून लावत नाहीत. अशा वेळी मालकाचे नुकसान होईल, हे ते कबूल करतात. पण ते नुकसान मालकाचे स्वतःचे असते, आणि कुत्र्याच्या चुकीचा घाव मात्र वाटेने जाणाऱ्याला बसतो. म्हणून दाताची जोखीम माणसाने आपल्या डोक्यावर घ्यावी, जनावरावर ढकलू नये, असे त्यांचे मत आहे. मला ते आता पूर्ण पटले आहे. कुत्र्याने हुकमाची वाट पाहावी. मी मात्र कचेरीत वाट पाहत बसायला नको होते. खरे सांगायला मला कोणाचा हुकूम लागायला नको होता.

या लेखात ही हकीकत घालू का, असे मी महिन्यापूर्वी उस्तादांना विचारले. "बिलकूल नाय," ते म्हणाले. "झालं गेलं. तुमची पोरं मोठी होतायत." आणि बोलता बोलता त्यांचा तळहात पुन्हा खाली गेला. या खेपेला मी बसलो नाही. लेख त्यांना न दाखवता छापायला दिला आहे आणि समारंभात, गंगाराम आणि चाची पुढे बसलेले असतील तेव्हा, तो मीच उभ्याने वाचणार आहे.

उस्ताद, तुम्ही माझ्यावर कधी रागावला नाहीत. बोलला नाहीत, टाकून दिले नाहीत, दाराशी आलो तर परत पाठवले नाहीत. माझे घर, माझा मुलगा, माझी अब्रू, सगळे तुमच्या त्या एका खोट्यावर उभे आहे, आणि त्याची किंमत तुम्ही मागावर बसून मोजलीत. आता लोकांसमोर तुमचा शब्द मोडला आहे, तर हक्काने रागवा. पुष्कळ दिवस रागवा. त्यासाठी अल्ला तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य देवो, हात आणि डोळे शाबूत ठेवो. आणि तुमचा राग सरेपर्यंत तुमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहण्याएवढे आयुष्य मला मिळो.